बारा हात साखळी

जन्मात कधी होडीत पाय न ठेवलेल्या बाईनं एका अख्ख्या गावाच्या होडीला काय बांधायचं ते ठरवलं, आणि गावानं ते ऐकलं. ती बाई मी. आज हे सांगितलं की माझ्या नाती हसून हसून लोळतात. हसू देत. ज्या वेळी हसायला पाहिजे होतं त्या वेळी कुणी हसलं नाही, म्हणून तर सगळा घोळ झाला.

माझं माहेर नांदेडचं. गोदावरीच्या काठचं, असं मी सांगायचे. खरं म्हणजे आमचं घर नदीपासून दोन गल्ल्या आत, एका तेलाच्या घाण्याच्या मागं होतं. तिथून नदी दिसायची नाही, पेंडीचा वास तेवढा यायचा. पण लग्न होऊन मी निलंग्याच्या बाजूच्या एका गावात आले. तिथं उन्हाळ्यात बाया आडात उतरून वाटीनं घागर भरायच्या. असल्या गावात ‘गोदावरीकाठची सून’ ही पदवीच होती, आणि मी ती कपाळाला लावूनच फिरायचे. पाण्याबद्दल मी काहीही बोलले तरी लोक माना डोलावतात, हे वर्षभरातच माझ्या ध्यानात आलं. “आमच्याकडं पूर आला ना, की…” एवढं म्हटलं की बाया हातातलं निवडण खाली ठेवायच्या. पूर मी आयुष्यात एकदा पाहिला होता, वडलांच्या खांद्यावर बसून. तोही ओसरताना.

गावाच्या खालच्या अंगाला तलाव होता. धरण बांधलं तेव्हा जुनी गाडीवाट पाण्याखाली गेली आणि शाळा, दवाखाना, एसटीचा थांबा असं सगळं पलीकडच्या काठाला राहिलं. अलीकडं आम्ही आणि आमची म्हसरं. वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. म्हणून गावानं होडीसाठी अर्ज केला. तेव्हा आमचा जिल्हा उस्मानाबाद. अर्ज जाऊन बसला. पुढं लातूर जिल्हा नवा झाला, तसे माझे सासरे, जे गावचे सरपंच होते, पुन्हा उठले. तोच अर्ज त्यांनी जिल्हा बदलून परत लिहून घेतला आणि नवं ठिकाण जवळ पडतं म्हणून एसटीनं चकरा मारल्या. होडी मंजूर झाली.

मंजूर झाली तेव्हा पाऊस रुसून दुसरं वर्ष चाललं होतं. तलावाच्या मधोमध कमरेएवढ्या पाण्याचं एक डबकं उरलं होतं आणि बाकी सगळा भेगाळलेला गाळ. बुडालेली गाडीवाट वर आली होती, तिच्यावरून लोक खुशाल चालत एसटीला जायचे. होडी ट्रकात बसून आली, तेव्हा तिला घ्यायला अख्खं गाव तलावाच्या तळातून चालत गेलं. दोघा-तिघांनी दबकत विचारलंही, “सरपंच, आत्ता हिचं काय करायचं?”

सासरे म्हणाले, “आलेली वस्तू माघारी धाडली तर पुढं काय मागायला तोंड ऱ्हाईल का? उतरवा.”

होडीला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. मग चार बैलांनी तिला गाळातून ओढत डबक्यापर्यंत नेलं. जाताना ती मागं अशी रेघ काढत गेली, जशी काही पेरणीच चालली आहे.

होडीबरोबर नावाडी आला. म्हातारा, वाळक्या खारकेसारखा, नांदेडकडचाच. त्याच्या गावाजवळचा डोह आटला होता, म्हणून बायको, एक बोचकं आणि दोन वल्ही घेऊन तो आमच्याकडं आला. सासऱ्यांनी त्याला चावडीच्या पडक्या खोलीत जागा दिली आणि घरटी जोंधळा द्यायचं ठरवलं. पण चारचौघांत एक अट घातली. “होडी शाबूत तोवर तू इथं. होडीला काय झालं, की बोचकं उचलायचं.” म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याची बायको खोलीच्या दारात चूल लिंपत होती, तिचा हात क्षणभर थांबला आणि परत चालू लागला. ते मी पाहिलं होतं. पुढं जे केलं ते पाहूनही केलं, हे लिहून ठेवते.

नावाड्याचं म्हणणं साधं होतं. लाकडाची होडी कोरडी ठेवली तर फळ्यांना फटी पडतात, म्हणून ती पाण्यातच राहिली पाहिजे. काठाला ठेवली तर पाण्यावर येणारी म्हसरं तिला शिंगं लावतील, म्हणून मधोमध दगड टाकून बांधली पाहिजे. आणि बांधायला दोर पाहिजे. लांब.

“किती लांब?” सासऱ्यांनी विचारलं. बैठक आमच्याच ओसरीवर होती.

“पाणी जेवढं खोल, त्याच्या तिप्पट.”

“कमरेएवढं पाणी. म्हंजी तीन कमरा?” कुणीतरी म्हणालं आणि ओसरी खदखदली.

“आजचं पाणी न्हाई, दादा. भरल्या तलावाचं. साठ हात तरी धरा.”

भरलेला तलाव म्हणजे काय, ते आठवायला लोकांना वेळ लागत होता. नावाडी म्हणाला, “नवं काय घिऊ नगा. मोटा बंद हायेत, घराघरात नाडे खुंटीला लटकून राहिलेत. दोन-तीन जोडून देतो.”

मोटेचा नाडा म्हणजे मनगटाएवढा जाड दोर, विहिरीतून मोट ओढायचा. विहिरी आटल्यापासून प्रत्येक घरात तो वेटोळं घालून झोपला होता. सल्ला चांगला होता, फुकटचा होता. म्हणूनच तो कुणाला पटेना. सरकारी होडी, नव्या जिल्ह्याची, आणि तिला मोटेचा नाडा?

तेव्हा सासऱ्यांनी दाराकडं तोंड करून आवाज दिला, “आपली सून गोदावरीकाठची हाय. तिलाच इचारा की. कामून घोळ घालता?”

मी दाराआडच उभी होते. पदर सावरून उंबऱ्यापर्यंत आले. आणि इथं माझ्या डोळ्यांपुढं काय आलं, ते सांगते. नांदेडच्या घाटावर दोन दगडी खांबांना एक जाड लोखंडी साखळी बांधलेली होती, शेवाळलेली. पर्वणीला आई आम्हाला न्हायला न्यायची. नदी म्हटलं की मला ती साखळी आठवायची. मी विचार केला, नदीवर साखळी असते, होडीही नदीवर असते, झालं.

“साखळी,” मी म्हणाले. “आमच्याकडं साखळीच असती, मामा. दोर सडतो पाण्यात. अन् दोर काय, कुणीबी कापून होडी पळवील.”

‘पळवील’ म्हटल्याबरोबर सगळ्यांचे चेहरे गंभीर झाले. चाळीस कोसांत दुसरं पाणी नाही. चोर होडी नेणार कुठं, बाभळीवर टांगणार? पण आमचं गाव म्हणजे जन्मभर बैल बांधलेलं गाव. बांधलेली वस्तू पळते किंवा चोरीला जाते, तिसरं काही तिचं होत नाही, असा आमचा पक्का समज.

नावाड्यानं माझ्याकडं पाहिलं. “माय, होडीला साखळी कुठल्या घाटावर बघितलीस तू?”

“मोठ्या घाटावर,” मी म्हणाले.

तो घाट त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. तो नजर खाली घालून तंबाखू मळायला लागला. मला वाटलं, हरला म्हातारा. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

साखळी आणायला मी सासऱ्यांबरोबर लातूरला गेले. जाणकार म्हणून! एसटीत मी खिडकीशी बसले होते आणि मनातल्या मनात नव्या जिल्ह्याची पाणी-अधिकारी झाले होते. गंज बाजारातल्या लोखंडाच्या दुकानात कपाळभर भस्म लावलेले, गळ्यात लिंग घातलेले शेठ बसले होते.

“साखळी कशाला? झोपाळ्याला का म्हशीला?”

“होडीला,” सासरे म्हणाले.

शेठनं आमच्याकडं पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत आमच्यावर फुफाटा बसला होता. मग त्यांनी आत तोंड करून भावाला हाक मारली, “अरे, हिकडं ये. हे पाव्हणे काय म्हणायलेत, ऐक.” भाऊ आला, त्यानं ऐकलं, दोघांनी आम्हाला चहा पाजला. साखळी दाखवताना शेठ खरं तेच बोलले. “होडीला मी कधी दिली न्हाई बगा. बैलाला दिल्या, त्यांची तक्रार न्हाई.”

“किती हात घ्यायची गं?” सासऱ्यांनी मला विचारलं.

मी डबकं आठवलं. कमरेएवढं. “बारा हात,” मी म्हणाले, आणि माझं मलाच ते फार उदार वाटलं. तेवढीच दोघांनी मिळून एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टर म्हणाला, “हत्ती घेतलाय का काय सरपंचांनी?”

आता दगड. मधोमध भोक असलेला जड दगड आमच्या घरातच होता, सासूबाईंच्या जात्याची वरची तळी. गावात गिरणी आल्यापासून जातं कोपऱ्यात बसून होतं. सासूबाईंनी तळीवर हळदकुंकू वाहिलं आणि तिला थोपटून म्हणाल्या, “पस्तीस वर्षं तुला फिरवलं. जा, आता बस पाण्यात पाय सोडून. माझ्या नशिबी ते न्हाई.”

साखळीचं एक टोक जात्यातून ओवलं. दुसरं होडीच्या कडीला, आणि त्याला कुलूप. कुलपाची कल्पनाही माझीच. किल्ली माझ्या कमरेच्या जुडग्यात. त्या वर्षी मी चालताना जरा जास्तच खुळखुळत होते.

नावाडी रोज डबक्यात जाऊन होडीतलं पाणी उपसायचा, वल्ह्यांना तेल लावायचा, आणि आभाळाकडं बघायचा. आम्ही आभाळाकडं बघणं केव्हाच सोडलं होतं.

मग तो आला, पाऊस. आमच्यावर नाही, वरच्या डोंगरावर. पण ओढे आमच्याच तलावात उतरत होते. पहिल्या दिवशी गाळ काळा झाला, दुसऱ्या दिवशी गाडीवाट बुडाली. शाळकरी पोरं पलीकडच्या काठावरून ओरडायला लागली, त्यांना वळशानं आणावं लागलं. गावाला एकदम शोध लागला की आपल्याकडं होडी आहे! आणि तालुक्याहून निरोप आला की उद्या साहेब होडी चालू झालेली बघायला येत आहेत.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी नावाडी आमच्या दारात उभा राहिला. खांद्यावर नाड्याचं भलंमोठं वेटोळं, डोक्यावर पोत्याची खोळ.

“माय, किल्ली दे. पाणी चढून राहिलं. साखळी ताठ झाली. हा नाडा जोडतो.”

मी साहेबांसाठी शेंगाच्या पोळ्यांचं सारण कुटत होते. साखळीला मी आदल्या दिवशीच तेल चोपडायला लावलं होतं. त्या चकचकीत साखळीला तो मळका नाडा जोडलेला मला दिसला आणि जरीच्या लुगड्याला गोणपाटाचं ठिगळ लावल्यासारखं वाटलं.

“उद्या साहेब बघून जाऊ द्या, मग जोडा.”

“बरं, साखळी ऱ्हाऊ दे. दुसरा दगड टाकून हा नाडा नुसता बांधू तरी दे.”

“काका, साखळी तुटती का कधी?”

“तुटायची न्हाई, माय,” तो म्हणाला. “पुरायची न्हाई.”

“मी गोदावरीकाठची हाय,” मी म्हणाले. हे वाक्य मी त्या म्हाताऱ्याला म्हणाले, ज्याचा जन्म गोदावरीवर गेला होता. तो वेटोळं सावरत माघारी गेला. रात्रभर बांधावर पोतं पांघरून बसून होता, हे मला मागाहून कळलं.

सकाळी आरडाओरडा झाला तशी मी धावत बांधावर गेले. तलाव काठोकाठ, लाल, फुगलेला. आणि होडी जागेवर नव्हती. ती नाक खाली घालून, शेपूट वर करून, आपल्याच भोवती गिरक्या घेत सांडव्याकडं चालली होती. साखळी तुटली नव्हती. कशी तुटेल? बारा हात साखळी, वीस हात पाणी. होडी वर उठली आणि जातं तळावरून उचललं गेलं. आता ते खाली लोंबकळत होतं, विहिरीत सोडलेल्या घागरीसारखं.

सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. “अगं माय! माझं जातं फिरायलंय की गं माझ्याबिगर!”

सांडव्यापलीकडं खडक होते. तिथवर गेली असती तर होडीच्या लाकडावर चूलसुद्धा पेटली नसती, इतका भुगा झाला असता. नावाड्यानं नाडा कमरेला बांधला, दुसरं टोक काठावरच्या माणसांच्या हातात दिलं आणि पाण्यात उतरला. नाडा कमी पडायला लागला तसे लोक घराकडं पळाले, खुंटीवरचे नाडे घेऊन आले, गाठी मारत गेले. मीही गाठी मारल्या, पण माझ्या गाठी सुटत होत्या म्हणून मला बाजूला केलं. तोवर होडी बुडालेल्या गाडीवाटेवर आली, तिथं पाणी उथळ होतं, जातं अडकलं आणि ती क्षणभर थांबली. तेवढ्यात म्हाताऱ्यानं तिला गाठलं. कडीत नाडा ओवला आणि हात वर केला. मग अख्ख्या गावानं मोट ओढावी तशी होडी ओढली. काठाला येईस्तोवर तिच्या दोन फळ्या निसटल्या होत्या.

साहेब काही आले नाहीत. त्यांची गाडी ओढ्याअलीकडंच अडकली. शेंगाच्या पोळ्या पंचांनी खाल्ल्या आणि पोळ्या खाता खाताच निवाडा झाला. होडी सुटली म्हणजे राखणारा झोपला. दुसरं काय असणार?

सासरे म्हणाले, “बाबा, अट आधीच सांगितली होती. उद्याच्या एसटीनं निघा.”

मी दाराआड होते. आता मला वाटत होतं, म्हातारा सांगेल. सांगेल की किल्ली मागितली होती, दिली नाही. मी त्याच्यावर काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. पण तो म्हणाला, “बरं,” आणि उठला. धोतरातून अजून पाणी गळत होतं, ओसरीवर त्याच्या बसण्याचा ओला ठसा उमटला होता. त्यानं माझं नावसुद्धा घेतलं नाही. मला त्याचा रागच आला. एवढं मोठं भांडण मी मनात तयार केलं होतं, ते सगळं वाया घालवलं त्यानं.

तो पायरी उतरायला लागला, आणि मला चूल लिंपताना थांबलेला तो हात आठवला. मी उंबरा ओलांडून थेट ओसरीवर आले. पंचांपुढं सून अशी कधी आली नव्हती. एकाचा घास तोंडातच राहिला.

“मामा, काकांनी काल किल्ली मागितली होती. नाडा घिऊन दारात आले होते. मी दिली न्हाई.”

मग उरलेलंही बोलून टाकलं. “अन् मी होडीत कधी बसलेले न्हाई.”

“मंग साखळी कुठं बघितली होतीस?” सासऱ्यांनी विचारलं.

“घाटावर. पर्वणीला न्हायला जायचो तेव्हा.”

“होडीला होती?”

“न्हाई. माणसाला. बुडी मारताना धरायला.”

आतून सासूबाईंचा आवाज आला, “अन् त्या पुराच्या गोष्टी गं? सात वर्षं सांगायलीस त्या?”

“वडलांच्या खांद्यावरून बघितला होता, आत्या.”

आत आधी काहीतरी सांडल्यासारखा आवाज झाला. ते सासूबाईंचं हसू होतं. मग ओसरी हसली, पंच हसले, आणि शेवटी सासऱ्यांच्या मिशाही हलल्या. मला वाटलं, भुई फाटून मी आत जावं. पण भुई तर नुकतीच भिजून मिटली होती. दुष्काळात पाहिजे तेवढ्या भेगा होत्या, ऐन गरजेला एक मिळेना.

सासऱ्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि पायरीवर थांबलेल्या नावाड्याला म्हणाले, “बाबा, वर या. पोळी खा. अन् होडीला काय बांधायचं ते आता तुम्हीच सांगा.”

त्यानं सांगितलं. तळाशी चार हात साखळी, कारण तळाला जुन्या गाडीवाटेचे धोंडे आहेत, दोर घासून तुटेल. त्याच्या वर नाडा, साठ हात, पाण्याबरोबर चढायला आणि उतरायला. कुलूप नको. म्हणजे त्याला माझी साखळी अगदीच टाकाऊ वाटत नव्हती. बिचारी चुकीच्या बाईच्या हातात पडली होती, इतकंच.

उरलेली आठ हात साखळी त्यानं मागून घेतली. फळ्या ठोकून झाल्यावर होडीच्या आतल्या बाजूनं, काठाला धरून, ती खिळ्यांनी बसवली. का, ते कुणाला कळलं नाही.

होडी चालू झाली त्या दिवशी सासूबाईंनी हुकूम काढला की पहिल्या खेपेला गोदावरीकाठची बसेल. सगळं गाव काठाला जमलं. मी एक पाय टाकला तशी होडी डुचमळली. मी दुसरा टाकला आणि ती दुसरीकडं डुचमळली. मी खालीच बसले, डोळे मिटले आणि घरातल्या सगळ्या देवांची नावं घेतली. काठावरून सासूबाईंचं हसू ऐकू येत होतं. काठापासून दहा-बारा हात आत गेल्यावर नावाड्यानं वल्हं थांबवलं, माझा हात मनगटाला धरून त्या साखळीवर ठेवला आणि म्हणाला,

“धर, माय. ही तुझी मोठ्या घाटाची साखळी. घट्ट धर, अन् पलीकडं जाईस्तोवर पाण्याबद्दल एक अक्षर बोलू नगंस.”